कुत्रीच्या डोक्यावरून फिरलेला हात

२००७ च्या फेब्रुवारीत मी महापालिकेचं माझं मत एका माणसाला दिलं, कारण त्याने माझ्या भुरीच्या डोक्यावरून हात फिरवला होता. आज लिहिताना संकोच वाटतो, पण दुसरं काहीही कारण नव्हतं.

भुरी तेव्हा दीड वर्षाची होती. पदयात्रेचा ढोल जिन्यात वाजायला लागला आणि ती पलंगाखाली जाऊन थरथरायला लागली. उमेदवार दारात आले, त्यांनी ते पाहिलं आणि मागे वळून ढोल बंद करायला सांगितला. चप्पल काढून आत आले, फरशीवर बसले, पलंगाखाली हात घालून तिला चुचकारलं. गावाकडे आपल्याही दोन आहेत म्हणाले. दत्तगुरूंच्या पायाशी श्वान असतात, ज्या घरात मुक्या जिवाला जागा आहे तिथे माणसं चांगलीच असणार, असंही म्हणाले. मी विरघळले. शेजारच्या तीन घरांना मीच आग्रहाने सांगितलं की मत यांनाच द्या.

ते निवडून आले. त्याच पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतली सहा कुत्री एका रात्रीत नाहीशी झाली. रोज सकाळी माझ्या हातची पोळी खाणारी होती ती. चौकशी करत गेले तेव्हा कळलं की ‘मोकाट कुत्री अन्यत्र हलवावीत’ असा अर्ज काही रहिवाशांनी केला होता आणि त्यावर शिफारशीची सही आमच्या नगरसेवकांची होती. मी तणतणत त्यांच्या कार्यालयात गेले. ते शांतपणे म्हणाले, “ताई, तुमच्या भुरीला कोणी हात लावलाय का? ही रस्त्यावरची होती.”

ते खोटं बोलले नव्हते, ही गोष्ट मला फार दिवस छळत राहिली. घरातल्या कुत्र्यावर त्यांचं प्रेम होतंच. रस्त्यावरच्या कुत्र्यांचं तुम्ही काय करणार, हे मी विचारलंच नव्हतं. नसबंदी करून, लस देऊन कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, हा केंद्राचा नियम २००१ पासून होता. तो त्यांना माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. रिकाम्या झालेल्या त्या गल्लीत तीन महिन्यांत पलीकडच्या वस्तीतली अनोळखी कुत्री आली. त्यांतल्या एकीचीही नसबंदी झालेली नव्हती.

मी बँकेत होते, कर्ज विभागात. कर्ज मागायला आलेला माणूस किती गोड बोलतो, हे आम्ही ऐकायचो आणि बाजूला ठेवायचो. मागची हप्तेफेड कशी आहे, जामीन कोण आहे, घेतलेला पैसा सांगितलेल्या कामावर लागतो का, ते पाहायचो. रोज दहा ते पाच हे करणारी बाई घरी येऊन मतासारखी गोष्ट एका कुरवाळण्यावर देऊन बसली होती. तेव्हापासून ठरवलं की उमेदवाराकडेही कर्जदारासारखंच पाहायचं.

सकाळी मैदानावर कुत्री फिरवायला येणारी आम्ही अकरा घरं होतो. कुणाकडे लॅब्रॅडोर, कुणाकडे पॉमेरियन, दोघा-तिघांकडे माझ्यासारखी रस्त्यावरून उचलून आणलेली. सुरुवातीला बोलणं गोचिडाच्या औषधाचं आणि कुठला डॉक्टर रात्री फोन उचलतो याचं. हळूहळू प्रभागाचं बोलणं होऊ लागलं.

२०१२ ला प्रभाग दोन सदस्यांचा झाला, म्हणजे प्रत्येकाला दोन मतं. त्या वेळी एक बाई प्रचाराला आमच्या मैदानावर आल्या आणि फाटकाबाहेरच थांबल्या. “आधी सगळी बांधा, मग येते,” म्हणाल्या. लहानपणी त्यांना कुत्रा चावला होता आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. ती जुनी लस ज्यांनी घेतली आहे, त्यांना त्या आठवणीने आजही घाम फुटतो. आमच्यातले दोघे तिथेच कुजबुजले की ही बाई नको, हिला कुत्र्यांचा तिटकारा आहे.

फाटकापलीकडून त्यांनी विचारलं, “तुमच्या भागात रस्त्यावरची कुत्री किती आहेत? त्यांत माद्या किती? कानाला खाच असलेल्या किती?” नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला ओळखीसाठी खाच मारतात. आम्ही कुत्रीप्रेमी म्हणवणारी माणसं एकमेकांकडे पाहत राहिलो. रोज पोळ्या घालत होतो, पण मोजलं कुणीच नव्हतं. “मोजून द्या, मग बोलते,” असं म्हणून त्या पुढच्या सोसायटीत गेल्या.

आम्ही तीन रविवार पहाटे फिरून मोजलं. कुत्री त्रेचाळीस, त्यांत माद्या एकोणीस, आणि खाच फक्त चौघींच्या कानाला. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, नऊ आठवड्यांत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं होतात. एकोणिसातल्या पंधरा मोकळ्या म्हणजे काय, हे त्या दिवशी वहीत आकडा लिहिताना कळलं.

त्या निवडून आल्या. गाडी यायची आणि चौकात जे हाती लागेल ते कुत्रं उचलून न्यायची, हे त्यांनी थांबवायला लावलं. एक गल्ली पूर्ण करायची आणि मगच दुसरीकडे जायचं, असं त्यांनी प्रभाग समितीत मांडलं आणि ते होईपर्यंत दर महिन्याच्या बैठकीत विचारत राहिल्या. विखुरलेल्या पाच-दहा शस्त्रक्रियांनी संख्या कमी होत नाही, उरलेल्या माद्या ती भरून काढतात. रेबीजची लसही किमान सत्तर टक्के कुत्र्यांना एकाच टापूत मिळाली तरच साथ तुटते. हे त्यांना कुणीतरी समजावलं असेल किंवा त्यांनी वाचलं असेल. त्या पाच वर्षांत त्यांनी आमच्या एकाही कुत्र्याला हात लावला नाही. त्यांच्याइतकं काम आमच्या कुत्र्यांसाठी मी नंतर कुणाचं पाहिलेलं नाही.

आता माझ्या चुकीचं सांगते. २०१५ च्या उन्हाळ्यात भुरीने आमच्या वॉचमनच्या सहा वर्षांच्या मुलाला लिफ्टपाशी पोटरीला चावलं. ती दहा वर्षांची झाली होती, तिला कमी दिसायचं, मूल अंगावर धावत आलं, ही सगळी कारणं मी त्या दिवशी दिली. पण पट्टा माझ्या खांद्यावर होता, तिच्या गळ्यात नव्हता. तिची वार्षिक लस दोन महिने लांबली होती आणि महापालिकेचा परवाना संपून वर्ष झालं होतं.

जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली आणि मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. लस मिळाली. जखमेत सोडायचं सीरम तिथे नव्हतं. त्यासाठी आणखी दोन ठिकाणी फिरलो आणि ते तिसऱ्या ठिकाणी मिळालं. मूल रडून रडून माझ्या खांद्यावर झोपलं होतं. त्याची आई सबंध वेळ माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नंतर कळलं, की नवऱ्याची नोकरी जाईल या भीतीने तिने तक्रारही करायची नाही असं ठरवलं होतं. माझ्या लाडक्या भुरीच्या भोवती अशी एक गप्प बसलेली भीती रोज वावरत होती आणि दहा वर्षांत मला ती दिसली नव्हती.

संध्याकाळी नगरसेविका आल्या. आधी वॉचमनच्या खोलीत जाऊन बसल्या, मग माझ्याकडे आल्या. मला म्हणाल्या, “परवाना उद्या काढा. पट्ट्याशिवाय ती दाराबाहेर येणार नाही. दहा दिवस तिच्यावर नजर ठेवा आणि रोज मला कळवा. मुलाची पाचही इंजेक्शनं होईपर्यंत त्याला न्यायचं-आणायचं काम तुमचं.” खाली सोसायटीची कमिटी जमली होती, सगळ्या कुत्र्यांना इमारतीतून काढण्याचा ठराव करायला. तिथे त्यांनी सांगितलं, की बहुमताने ठराव केला तरी कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाचं तसं परिपत्रक आहे. पट्टा, स्वच्छता, लस यांचे नियम करा आणि ते पाळून घ्या. दोन्हीकडची माणसं त्यांच्यावर नाराज होऊन घरी गेली.

त्या संध्याकाळपासून उमेदवारांना विचारायच्या प्रश्नांच्या आमच्या कागदावर पहिला प्रश्न एकच आहे: कुत्रा चावल्याची तक्रार आली तर तुम्ही आधी कुणाच्या घरी जाल?

२०१७ ला प्रभाग चार सदस्यांचा झाला. विस्तार दुपटीहून मोठा, खर्च मोठा, सगळीकडे पॅनेल. त्या बाई पडल्या. आमचा गट तोवर साठ घरांचा झाला होता. आम्ही सगळ्यांनी त्यांना मत दिलं आणि घरी बसलो. एकानेही त्यांचं पत्रक वाटलं नाही, पलीकडच्या वस्तीत जाऊन त्यांनी काय केलं ते सांगितलं नाही. तिथल्या लोकांना त्यांचं नावच माहीत नव्हतं. निकालानंतर आठवड्याने मी भेटायला गेले, तर त्या जुन्या फायली बांधत होत्या. त्यांनी आमच्या मोजणीची ती वही मला परत दिली. “सांभाळून ठेवा, कुणी विचारलं तर द्या,” एवढंच म्हणाल्या. त्यांना मत दिलंय म्हणजे आपलं झालं, असं मला वाटत होतं. त्या वहीने तो समज मोडला.

तेव्हापासूनच्या काळात कागद वाचायला शिकलो. कुणाला काय विचारायचं, हे आधी नीट कळावं लागतं. नगरसेवक नसबंदीचा नियम बदलू शकत नाही, तो केंद्राचा आहे आणि २०२३ मध्ये नव्याने आला. पण अंदाजपत्रकात नसबंदीला किती तरतूद, शस्त्रक्रियेनंतर कुत्री ठेवायला पिंजरे किती, दवाखान्यात लस आणि सीरम कायम आहे का, पाळीव कुत्र्याचा परवाना हेलपाटे न घालता मिळतो का, मेलेलं जनावर न्यायला गाडी येते का, हे सगळं महापालिकेच्या हातात आहे. कचराही. चिकनच्या दुकानामागे रात्री काय टाकलं जातं, हे ज्याला ठाऊक असतं त्याला कुत्र्यांचा प्रश्न अर्धा समजलेला असतो. खासदारकीच्या उमेदवाराला दवाखान्यातल्या लशीचं विचारून उपयोग नाही. त्याला विचारायचं ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं. प्राण्याला छळल्याच्या पहिल्या गुन्ह्याला त्यात आजही दहा ते पन्नास रुपये दंड आहे. २०१९ ला आमच्या भागात मतं मागायला आलेल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. एकाने मात्र मान खाली घालून वहीत लिहून घेतलं.

जो आधी निवडून आला आहे, त्याचं तपासणं सोपं. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा, दहा रुपयांचा स्टँप लावायचा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. मुख्य सभेला हजेरी किती, लेखी प्रश्न कोणते विचारले, प्रभागाचा निधी कशावर गेला, हे नगरसचिवांकडच्या कागदांत असतं. नव्या उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचायचं. त्यात मालमत्ता असते आणि गुन्हेही असतात.

२०२२ ला मुदत संपली आणि मग जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात निवेदन घेऊन गेलं की शिक्का मारून पोच मिळायची, पण सभेत उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. ज्यांना आम्ही एरवी नावं ठेवायचो, त्या नगरसेवकांची आठवण यायची.

मग १५ जानेवारी २०२६ ची निवडणूक लागली. वातावरण आधीच तापलेलं होतं. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलायचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्री त्याच भागात परत सोडा, फक्त रेबीजची किंवा आक्रमक असलेली सोडू नका, खाऊ घालायच्या जागा ठरवून द्या, रस्त्यावर वाटेल तिथे घालू नका. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश आला, आणि ती पुन्हा तिथे सोडायची नाहीत असं त्यात होतं. आमच्या प्रभागात दोन उमेदवारांच्या पत्रकांवर ‘भटकी कुत्रीमुक्त प्रभाग’ छापलेलं होतं. एकाला विचारलं तर म्हणाले, कोर्टानेच सांगितलंय सगळी उचला. मी पर्समधून तिन्ही आदेशांच्या प्रती काढून दिल्या. त्यांनी त्या घेतल्या. पुढच्या पत्रकात ती ओळ नव्हती. त्यांना मी मत दिलं नाही, पण ओळ काढली याची नोंद वहीत केली.

आम्हाला सगळ्यात जड गेला तो निर्णय एका तरुणाबद्दलचा. तो रोज रात्री शंभरेक कुत्र्यांना जेवण घालतो, स्वतःच्या पैशाने. तो उभा राहिल्यावर आमच्यातल्या निम्म्यांना वाटलं, आता आपला माणूस आला. प्रतिज्ञापत्रात मारहाणीचा एक खटला प्रलंबित होता. तो नंतर कदाचित निर्दोषही सुटेल. पण अंगणवाडीच्या दारातली त्याची जेवणाची जागा वीस पावलं पलीकडे न्या, असं तिथल्या सेविका दोन वर्षं विनवत होत्या आणि तो ऐकत नव्हता. २०२३ च्या नियमांतही खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, दारांपासून आणि जिन्यांपासून लांब असावी असं आहे. आम्ही त्याला पाठिंबा दिला नाही. चार घरांनी गट सोडला. त्यांतल्या एका काकूंनी सतरा वर्षं माझ्याबरोबर सकाळी फेऱ्या मारल्या होत्या. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

कुत्र्यांसाठी मत देता का, असं मला लोक विचारतात. माझ्याकडे पाणी येत नाही, रस्ता खणलेला आहे, मुलगी रात्री उशिरा कामावरून येते, हे सगळं मलाही आहे. जो गल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न आकडे घेऊन, नियम वाचून, दोन्हीकडच्या माणसांना तोंड देऊन सोडवतो, तो पाण्याचा प्रश्नही तसाच हाताळताना मी पाहिला आहे. उलटं मात्र नेहमी खरं ठरत नाही.

पाठिंबा कसा द्यायचा, हेही या वेळी ठरवून केलं. सगळ्या उमेदवारांना तेच आठ प्रश्न लेखी दिले. ज्यांनी उत्तरं दिली, ती जशीच्या तशी छापली आणि ज्यांनी दिली नाहीत त्यांच्या नावापुढची जागा कोरी ठेवली. मत कुणाला द्या, हे त्यावर लिहिलं नाही. ज्याला कुणासाठी काम करायचं होतं, त्याने स्वतःच्या नावाने केलं. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर परस्पर खर्च करणं गुन्हा आहे. म्हणून पैसा खर्च करायचाच नाही, पाय चालवायचे, असं ठरलं. मी रोज दुपारी दोन तास एका उमेदवार मुलीबरोबर वस्तीत फिरले. तिथे कुत्र्याचा विषय मी काढत नसे. वस्तीतल्या बायकाच काढत, कारण चावा बसतो तो बहुधा त्यांच्या मुलांना. २०१७ ला मी जायला हवं होतं ते याच घरांत. तिथे मी गोव्याचं सांगायचे. २०१४ पासून तिथे घरोघर, गल्लोगल्ली जाळी घेऊन दरवर्षी लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस देत गेले, आणि २०२१ मध्ये ते रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. “आपल्याकडं का नाही होत?” एका आजीने विचारलं. ती उमेदवार मुलगी माझ्या आधी उत्तर द्यायला पुढे झाली, हे मला फार बरं वाटलं.

मात्र त्याच मुलीच्या कार्यकर्त्यांनी एकदा माझ्या आताच्या कुत्र्याच्या, खंड्याच्या गळ्यात पक्षाचं उपरणं घालून फोटो काढायचं ठरवलं. मी नाही म्हटलं. प्रचारात प्राणी वापरू नका, असं निवडणूक आयोगाने पक्षांना सांगितलेलं आहे. त्यापेक्षा मला २००७ चा तो पलंग आठवला. मुलगी म्हणाली, “राहू दे, काकू म्हणतात ते बरोबर आहे.” तिथेच माझं चारांतलं एक मत पक्कं झालं. उरलेली तीन मी तीन वेगवेगळ्या पक्षांना दिली. अ, ब, क, ड अशा चारही बटणांवर प्रत्येक वेळी थांबून विचार करणारी मी एकटीच असेन असं वाटलं होतं, पण बाहेर आल्यावर आमच्यातल्या पाच-सहा जणांनी तसंच केल्याचं कळलं.

ती मुलगी पडली. आम्ही मत दिलेल्यांतला एकच निवडून आला. रिक्षा चालवणारा माणूस, पहिल्यांदाच उभा राहिलेला. आठातल्या पाच प्रश्नांना त्याने ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ असं लिहिलं होतं आणि खरोखर दोन दिवसांनी विचारून सांगितलं होतं.

फेब्रुवारीत मी २०१२ ची वही घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने पानं उलटली. “हे चौदा वर्षांपूर्वीचं झालं काकू, आत्ताचं किती?” आत्ताचं नव्हतं. नवीन मोजू या, रविवारी पहाटे साडेपाचला चौकात भेटू, मीपण येतो, असं तो म्हणाला.

रविवारी साडेपाचला आम्ही नऊ जण चौकात होतो. तो नव्हता. पावणेसहापर्यंत वाट पाहून आम्ही पहिल्या गल्लीत शिरलो. अकरा कुत्री, सहा माद्या, चौघींच्या कानाला खाच. ते लिहीत असताना फोन वाजला. तो चिकनच्या दुकानांमागच्या गल्लीत उभा होता. “मी इकडून सुरुवात केलीय,” तो म्हणाला. “एकोणतीस झाली. पण काकू, अंधारात कानाची खाच कशी ओळखायची?”